अंगठ्याची सवय

मी आणि माझा दोस्त वीस वर्षं एकाच दुकानात मटण कापतो. सुरी लावण्याआधी अंगठ्याने सांधा चाचपायचा, ही आमची पद्धत.

शनिवारी दुपारी आम्ही दोघं मालाच्या लिफ्टमध्ये अडकलो. सणामुळे दुकानाला सुट्टी लागलेली आणि लिफ्टमध्ये फोनला रेंज नव्हती, त्यामुळे सोमवारपर्यंत तिकडे कुणी फिरकलं नाही. पाण्याची एक बाटली होती, ती झाकणाझाकणाने वाटून प्यायलो. खायला काहीच नव्हतं. रविवारी तो माझ्या खांद्याकडे एकटक बघायला लागला.

"काय बघतोस रे?"

"काही नाही. सवय."

सोमवारी दार उघडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, जसा काही आम्ही पराक्रमच केला होता. त्याने रडत मला मिठी मारली, तेव्हा त्याचा अंगठा माझ्या खांद्याच्या सांध्यावर बरोबर टेकला.

मला राग नाही आला. त्याचा सांधा मी शनिवारीच, त्याचा डोळा लागल्यावर, चाचपून ठेवला होता.