सातव्या कलमाचा समास

"आधी यादी बघ, मग लेखणी उचल. आणि समास कोरा ठेवून फाइल पुढे ढकलायची नाही."

थोरल्या साहेबांना निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली, तरी राज्याच्या कायदा विभागातल्या मसुदाकार बाईंच्या कानात त्यांचा आवाज तसाच होता. विधेयकाच्या प्रत्येक कलमाशेजारी त्या पेन्सिलीने एक आकडा लिहीत. हा विषय राज्यघटनेतल्या कोणाच्या यादीत, केंद्राच्या की राज्याच्या, आणि तिथे कितवा. जो विषय आपल्या यादीत नाही, त्यावर राज्याने कायदा करायचा नाही. ऑफिसात पाठीमागे त्यांना 'समासबाई' म्हणत. त्यांना ते ठाऊक होते, आणि आवडतही होते.

सातव्या कलमाचा समास तीन आठवडे कोरा होता.

"उद्या विधेयक सभागृहात जायचंय, बाई," सचिव दारातूनच म्हणाले. "सातव्यापाशी घोडं का पेंड खातंय?"

"धूळ न रोखणारी खाण राज्य बंद करील, असं कलम आहे, साहेब. पण खाणी केंद्राच्या यादीत येतात."

"आरोग्याचा आकडा घाला. आरोग्य आपलं. धुळीनं आरोग्यच बिघडतं ना?"

"खाणवाले कोर्टात जातील."

"जाऊ देत. कलम पडलं तर केंद्रामुळे पडलं म्हणता येईल. मंत्र्यांना त्याचंही वाईट वाटणार नाही."

"अख्ख्या कायद्यालाच स्थगिती मिळाली तर? मग आठवंही लटकेल."

आठवे कलम साधे होते. खाणकामगारांची छाती दर वर्षी सरकारी दवाखान्यात तपासायची, औषधपाणी फुकट. त्याच्या समासात राज्याचा आकडा पहिल्याच दिवशी पडला होता.

"खाण त्यांची, आरोग्य आपलं," बाई हळूच म्हणाल्या. "कामगार म्हणजे दोन घरचा पाहुणा."

"उपाशी!" सचिव हसले. "मग निदान ताट तरी मांडू या."

"रिकामं?"

सचिवांचे हसू ओसरले. "चारपर्यंत फाइल द्या," एवढेच बोलून ते गेले.

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिल्या. सातवे कलम त्यांनी स्वतः लिहिले होते, आणि उभ्या नोकरीत पहिल्यांदाच यादी न बघता लिहिले होते. धाकटा दीर अशाच एका खाणीच्या धुळीने गेला. शेवटचे चार महिने तो उशांना टेकून, बसल्या बसल्याच झोपायचा. आता त्याच्या बायकोचा, म्हणजे जावेचा, भाऊ तिथेच कामाला होता. कलम लिहून झाले त्या संध्याकाळी बाई खाणीजवळ राहणाऱ्या जावेकडे गेल्या होत्या. तिने ते दोनदा वाचायला लावले.

"खाण खरंच बंद होईल, ताई?"

"कागदावर तर आलंय."

"उद्या काही उलटसुलट झालंच, तर तुम्ही येऊन सांगा. दुसऱ्याच्या तोंडून कळायला नको. शब्द द्या."

बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला होता.

त्यांनी पेन्सिलीला टोक काढले. एकदा मोडले, पुन्हा काढले. मग यादीचे पान उघडले आणि समासात केंद्राचा आकडा लिहिला. खाली बारीक अक्षरात लिहिले: 'विषय केंद्राचा. कलम वगळावे. खाण बंद करण्याची शिफारस केंद्राकडे पाठवावी.' सही केली आणि फाइल स्वतःच नेऊन सचिवांच्या टेबलावर ठेवली.

सचिवांनी पान बराच वेळ पाहिले.

"हे तुमच्या घरचं कलम होतं ना, बाई?"

"हो."

"मंत्री मला फाडून खातील."

"आठवं टिकेल, साहेब."

सचिवांनी फाइल जवळ ओढली. खिशातून पेन काढले, टोपण उघडले आणि तसेच धरून बसले. थोड्या वेळाने 'मान्य' असा शेरा आणि खाली सही उमटली.

बाईंनी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज लिहिला. आठव्या कलमाची प्रत घडी घालून पिशवीत ठेवली, पुन्हा बाहेर काढली आणि टेबलाच्या खणात टाकली. आज ती दाखवायची नव्हती; सातवे कलम गेले, एवढेच जावेला सांगायचे होते. मग जिना उतरून त्या खाणीकडे जाणाऱ्या बसच्या रांगेत शेवटी जाऊन उभ्या राहिल्या.