फडावरचा आशीर्वाद

दसरा झाला की वालूरची आमची मंडळी ऊस तोडायला जाते अन् प्रार्थनाघरात मी एकटी उरते. मी धुरपदाबाई, इथली सेविका. गुडघे गेले म्हणून मुकादम मला घेत न्हाई, न्हाईतर कोयता चालवायला मी कुणाला हार जाणारी न्हाई.

पाळकसाहेब ऱ्हातेत परभणीला. एकदा त्यांनी समद्यांसमोर माझ्या डोक्यावर हात ठेवून सांगितलं, "मी नसताना भक्तीच्या शेवटी आशीर्वाद या बाईनं द्यायचा." तवापासून तो मान माझा. दुसऱ्या कुणी तोंड उघडलं की मी डोळे वटारायची.

उसाच्या फडावरून दर रविवारी सकाळी आमच्या मंडळीतल्या विजयमालाचा फोन यायचा. तिकडं पाचटानं शाकारलेल्या कोपीपुढं सगळे बसायचे, मधी फोन ठेवायचे. इकडून मी गायची, शास्त्र सांगायची, हात वर करून आशीर्वाद द्यायची. रिकाम्या सतरंजीपुढं हात वर करायची पहिल्यांदा लाज वाटली. मग आठवडाभर त्याचीच वाट बघायला लागले. बाकीचे दिवस झाडलोट अन् भिंतीशी बोलणं. शेजारची महेश्वरी इचारायची, "बाई, देवाशी बोलायलाव का भांडायलाव?"

"दोन्ही," म्हणायची मी.

त्या रविवारी फोन आलाच न्हाई. पदर नीट करून मी दुपारपतोर बसले. शेवटी मीच लावला.

"राग मानू नका बाई," विजयमाला म्हणली. "आज उसाची गाडी भरायची व्हती, म्हणून पहाटंच भक्ती उरकली."

"कुणी घेतली?"

"मीच."

"अन् आशीर्वाद?"

"तो बी मीच दिला."

माझं टाळकंच फिरलं. हिला अक्षरं मी शिकवली, शास्त्र वाचायला मी लावलं, अन् ही माझ्याच ताटातलं उचलायली! "कुणाला इचारून? तुझ्या डोक्यावर कुणी हात ठेवला?"

"कुणी न्हाई. आपल्या टोळीतल्या शांतम्माचं लेकरू तापानं फणफणलं व्हतं. आशीर्वाद घेतल्याबिगर दवाखान्यात नेत न्हाई म्हणून ती अडून बसली. तुमचा फोन लागंना. मग तुमच्यासारखा हात वर केला." तिचा आवाज बारीक झाला. "चुकलं असंल तर समद्यांना परत बसवते. तुमी द्या."

खरं सांगते, मला तेच पाहिजे व्हतं. माझ्याबिगर यांचं अडतं, एवढं एकच सुख ऱ्हायलं व्हतं मला. अन् आज अडलं न्हाई.

"लेकरू कसं हाय?" मी इचारलं.

"दवाखान्यात नेलं. ताप उतरायलाय."

हिला शिकवलं कशाला व्हतं मग? जन्मभर माझ्या हाताखाली बसवायला?

"नगं," म्हणलं. "दिलेला आशीर्वाद परत घेत नसतेत. आता मला दे."

"तुमाला? मी?"

"तूच. मला देणारं हितं कोण हाय?"

मी डोकं खाली घातलं. ती अडखळत म्हणायला लागली अन् मधीच विसरली. पुढचे शब्द माझ्या अगदी ओठावर आले व्हते. दात दाबून मी गप बसले.

मग ती आपल्याच मनानं म्हणली, "देवा, आमच्या बाईला तिथं लय एकटं वाटायलंय. तेवढं बघ."

हे मी कुणालाच कधी बोलले नव्हते. आमेन म्हणायला गेले अन् हमसून रडूच आलं.