भोक पडलं नाही, त्यात माझा काय दोष?

मी एक जुनी, टेबलावर मावणारी ड्रिल मशीन आहे, मित्रांनो, आणि आज माझं डोकं फिरलंय. अंगाचा हिरवा रंग उडाला, त्याचं मला काही वाटत नाही. पण कामचुकार म्हणवून घेणं? छे!

मला या कारखान्यात आत्याबाईंनी आणलं. तेवीस वर्षं त्यांनीच चालवलं. लाकडाला भरभर वेग, कडक पोलादाला सावकाश. दर वेळी माझ्या डोक्यावरचं झाकण उघडून त्या पट्टा एका पुलीवरून दुसरीवर सरकवायच्या. कंटाळा कधी केला नाही. मग त्यांचे गुडघे गेले आणि मी त्यांच्या भाच्याच्या तावडीत सापडले. या गृहस्थांनी दोन वर्षांत ते झाकण एकदाही उघडलं नाही!

आज बेकरीवाल्या बाई कडक पोलादाची पट्टी घेऊन आल्या. तिला दोन भोकं पाडल्याशिवाय त्यांचं पीठ मळायचं यंत्र सुरू होणार नव्हतं. भाचेसाहेबांनी मला लाकडाच्याच वेगानं सोडलं. तेल नाही, काही नाही. वर मला खाली दाबायचा दांडा धरला तोही भीत भीत. अहो, माझ्या तोंडातलं टोकदार बीट कापणार काय, कपाळ! नुसतं घासत राहिलं. मी किंचाळले, धूर निघाला, बीट निळं पडलं. भोकाच्या जागी चकचकीत खळगा, आणि घासून घासून पोलाद आणखीच कडक.

"हिच्यात दमच नाही," असं म्हणून त्यांनी भंगारवाल्याला बोलावलं. माझ्या देखत!

माझी किंकाळी ऐकून आत्याबाई वरच्या खोलीतून काठी टेकत उतरल्या.

"हिच्यात दम आहे रे, तूच जरा दम धर. झाकण उघडलंस?"

"कुठलं झाकण?"

ऐकलंत? कुठलं झाकण म्हणे!

आत्याबाईंनी पट्टा सर्वांत सावकाश फिरवणाऱ्या पुलीवर घातला, पट्टी उलटी करून आवळली, नवं बीट लावलं, तेल सोडलं आणि दांडा ठामपणे दाबला. पोलादाची कुरळी तार सरसर निघाली. दोन्ही भोकं आरपार! बेकरीवाल्या बाई हसत गेल्या.

तेवढ्यात भंगारवाला हजर. भाचेसाहेब कान खाजवत त्याला म्हणाले, "तुम्ही नंतर या."

नंतर! 'नेऊ नका' नाही, 'नंतर या'. मित्रांनो, मशीनला नावं ठेवण्याआधी ती चालवायला शिका, आणि लवकर शिका. भंगारवाला आपली दोरी माझ्या पायाशीच ठेवून गेलाय.