कलाबाईच्या हातामागची पेशी

मी एक जुनी पेशी आहे मित्रांनो, कलाबाईच्या मेंदूतली. बहात्तर वर्षं झाली, जागा सोडली नाही. शेजारणींबद्दल मात्र विचारू नका, तोंड कडू होतं.

आमचं काम ठिणगीचं. एकीनं टाकायची, धाग्यातून ती दुसरीकडे जायची. धाग्याचा नियम असा: मी बोलले आणि माझ्या पाठोपाठ शेजारीण बोलली, तर माझा तिच्याकडे जाणारा धागा जाड होतो. ती आधीच बोलून मोकळी झाली आणि मी मागून आले, तर तोच धागा बारीक होतो.

तिगावच्या रस्त्यावर कलाबाईची संत्र्याची नर्सरी आहे. जंभेरी लिंबाच्या रोपाची साल चिरायची, तीत संत्र्याच्या फांदीवरचा डोळा बसवायचा, वरून पट्टी बांधायची. चाकू केसभर सरकला की डोळा गेला. आम्ही पेशी आपापल्या वेळेला बोलत होतो, म्हणून तो हात पांढुर्ण्यापासून सौसरपर्यंत नावाजलेला होता.

मग आमच्यावर वचक ठेवणाऱ्या काळ्या पेशी एकेक करून मेल्या. शेजारणींना रान मोकळं झालं. एक बोलली की लगेच दुसरी, तिच्यामागं तिसरी. धागे जाड झाले, आणि जाड धाग्यांमुळं त्या आणखीच एकदम ओरडू लागल्या. नुसतं लाचार कोंडाळं. मला त्याची शिसारी येते. जास्त शिसारी याची, की त्यात माझाही आवाज होता. तिकडे कलाबाईचा उजवा हात चाळणी हलवल्यासारखा थरथरायला लागला; कंपवात म्हणतात तो हाच.

"माय, औंदा मोहगावचे कलमवाले बोलावतो," मुलगा रोशन म्हणाला.

"माह्या झाडाले परका हात? आंधी मले उचल, मंग बोलाव त्याईले."

नागपूरच्या डॉक्टरांनी एक हातमोजा दिला. नवाच होता, अजून पारखून पाहणं चालू होतं. तो बोटांच्या टोकांवर टिचक्या मारायचा, कधी या बोटावर, कधी त्या, क्रम सारखा बदलून. आम्हाला एकदम ओरडता येईना. रोशनला वाटलं, मोजा बिघडला. त्यानं बटण दाबून सगळ्या बोटांवर एकदम, एकसारखा ठोका लावून दिला. आठ दिवसांत आमचं कोंडाळं आणखी घट्ट झालं आणि कलाबाईचा चहा पदरावर सांडला.

सून सुचितानं मोजा स्वतःच्या हातात घालून पाह्यला. "काय करून ठेवलं हो तुमी? डॉक्टरनं एकएक बोट सांगतलं होतं, उलटंसुलटं."

"मले वाटलं, ठोका चुकून राहिला."

"चुकलाच पायजे तो."

कलाबाई म्हणाली, "याच्या बापानंबी माहा रेडिओ असाच सुधरवला होता. मंग त्यात कोंबडीनं अंडे देल्ले."

सुचितानं ठोका परत उलटासुलटा लावला, आणि पुढचे दोन महिने आमच्या कोंडाळ्याची मोडतोड चालली. मी बोलायला जावं, तर शेजारीण केव्हाच बोलून गेलेली असायची. धागे बारीक होत गेले. मोजा काढल्यावरही ते बारीकच राहिले.

पौषात कलाबाई रोपांच्या वाफ्यात बसली. मोहगावची माणसं कुंपणाशी उभी होती. तिला जमलं नाही, तर चाकू त्यांच्या हाती जायचा होता. शेजारणीची ठिणगी बारीक धाग्यातून क्षीण होऊन माझ्यापर्यंत आली. मी गप्प राहिले. चाकू सरळ गेला आणि डोळा सालीत बसला.

मित्रांनो, माझ्यासारख्या पेशी तुमच्याही डोक्यात आहेत. त्यांना रोज काय गिरवायला देता, तिकडे लक्ष ठेवा. आम्हाला चांगलं-वाईट कळत नाही. आम्हाला फक्त कोण आधी आणि कोण मागून, एवढंच कळतं.