माझ्या तोंडातली टोपी

मी ट्रॅक्टर बोलतोय, आणि जरा घाईने बोलतोय. आज दुपारी मला हिवाळ्यासाठी झाकणार आहेत. त्याआधी गेल्या हिवाळ्याची हकिगत सांगून टाकली पाहिजे. गेल्या हिवाळ्यात मी पाच महिने बोललो नाही, कारण तोंडात टोपी होती. अलंकारिक अर्थाने म्हणत नाही. खरीखुरी टोपी होती. लोकरीची, मोहरीच्या रंगाची, कानांवर ओढून घ्यायची. ती कोणी कोंबली हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. ज्याने कोंबली तो मात्र ते साफ विसरला, आणि त्यापायी त्याने आपल्या मेव्हण्याला चोर ठरवलं.

माझा जन्म कारखान्यातला. जन्मतः मी लाल होतो. आजही लालच आहे, पण त्यातला रंग कुठे संपतो आणि गंज कुठे सुरू होतो हे मला विचारू नका.

मला विकत घेतलं ते आताच्या मालकीणबाईंच्या वडिलांनी. त्यांची फळबाग होती. नांगरणी, फवारणी, फळांचे खोके वाहणं, चिखलात रुतलेल्या शेजाऱ्यांना ओढून काढणं, सगळं मी केलं. हिवाळा आला की ते मला गोठ्याच्या टोकाला, गाईंच्या उबेत उभं करत. चाकांखाली फळ्या सरकवत. शेवटी बोनेटवर चढून माझ्या उभ्या सायलेन्सरवर रंगाचा एक रिकामा डबा उलटा घालत, म्हणजे आत पाणी, बर्फ, पाखरं, काही जायला नको. माणूस अबोल होता, पण डबा घालताना दरवर्षी म्हणायचा, "झोप आता."

सायलेन्सर म्हणजे माझं तोंड. ज्यातून मी ओरडतो त्यालाच 'गप्प करणारा' असं नाव देणारी जात तुमचीच. पण तो वाद पुन्हा कधी.

वडील गेले. बाग मुलीकडे आली, आणि बागेबरोबर मी. तिचा धाकटा भाऊ गावात पंप दुरुस्तीचं दुकान चालवतो. तो म्हणाला, "ताई, मला बागेतलं काही नको. दर रविवारी जेवायला बोलव, झालं." आणि तो खरोखर दर रविवारी यायचा. जेवणाआधी माझं बोनेट उघडून बघायचा, मग हात धुवायचा.

राहिले मालक, म्हणजे मालकीणबाईंचे यजमान. ते नकाशे काढायच्या कचेरीतून निवृत्त झालेले. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या हद्दी बोटभरही न चुकता आखल्या. स्वतःचा चष्मा मात्र त्यांना रोज सकाळी नव्याने शोधावा लागतो. घरात कुठलीही वस्तू सापडेनाशी झाली की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "कोणी उचलली?" दुसरंही ठरलेलं: "तुझ्या भावाला विचार."

आता मुद्द्याचं. या घराला शेड आहे. छप्पर आहे, दारं आहेत, दाराला कुलूप आहे. माझ्यासारखे दोन मावतील एवढी ती मोठी आहे. मग मी बाहेर का? तर आत एक सोफा आहे, ज्याचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. एक जागच्या जागी चालायचं यंत्र आहे, ज्यावर मालक एकूण दोनदा चालले. बंद पडलेलं वॉशिंग मशीन आहे, कारण ते 'कधीतरी दुरुस्त होईल'. आणि मोटार आहे, जी वाण्याच्या दुकानापर्यंत जाते आणि दमून परत येते. ज्याने बाग पोसली तो उघड्यावर, आणि ज्यावर कोणी बसलं नाही तो सोफा छपराखाली. याला तुम्ही घर आवरणं म्हणता!

"फक्त या हिवाळ्यापुरतं," मालक म्हणाले होते. त्याला आता अकरा हिवाळे झाले.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर भावाने बजावलं, "भाऊजी, बाहेरच ठेवणार असाल तर नीट ठेवा. डिझेलची टाकी काठोकाठ भरा, रिकाम्या टाकीत पाणी धरतं. बॅटरी घरात न्या. क्लच दाबून त्याला ठोकळा लावा, नाहीतर चिकटून बसेल. आणि वर डबा विसरू नका."

"मी नकाशे काढलेत," मालक म्हणाले. "मला ट्रॅक्टर झाकायला शिकवू नकोस."

नकाशांचा आणि माझा संबंध काय, हे त्यांनाच माहीत.

झाकायचा दिवस उजाडला तो गारठ्याचा. पाऊस आणि बर्फ यांच्यामधलं काहीतरी भुरभुरत होतं. कामं सगळी मालकीणबाईंनी केली. टाकी भरली, फळ्या सरकवल्या, ठोकळा बसवला, बॅटरी सोडवून पोटाशी धरून आत नेली. मालक सूचना देत होते. मग दोघांनी मिळून बोनेटवर ताडपत्री ओढली. तिच्या फटीतून सायलेन्सर तेवढा वर राहिला. आता फक्त डबा घालायचा होता. मालकीणबाई आत गेल्या, मालक डबा शोधू लागले.

डबा कुठे होता? स्वयंपाकघराच्या खिडकीत. मालकांनीच उन्हाळ्यात त्यात एक रोप लावलं होतं. ते मेलं होतं, पण आशा सुटली नव्हती. मालकांनी शेडमागे पाहिलं, पायरीखाली पाहिलं, दोनदा "कोणी उचलला?" असंही म्हणून पाहिलं. भुरभुर वाढली. तेव्हा त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, माझ्या तोंडात कोंबली, वर अंगठ्याने दाबली आणि म्हणाले, "दोन मिनिटं."

आणि आत चहाला गेले.

संध्याकाळपर्यंत टोपी भिजून वीतभर खाली सरकली. रात्रीत ती गोठून तिचा दगड झाला. सकाळी मालक पायरीवर उभे होते, डोक्याला हात लावून. "माझी टोपी कोणी उचलली?"

ताडपत्रीला माझ्या डाव्या दिव्यासमोर एक भोक आहे. हिवाळ्यातली माझी सगळी माहिती त्या भोकातून येते. समोर पायरी आणि स्वयंपाकघराची खिडकी. त्यामुळे पुढचं जे सांगतो ते ऐकीव नाही.

रविवारी भाऊ आला. त्याच्या डोक्यावर मोहरीच्या रंगाची टोपी होती. मालकीणबाईंनी एकाच लोकरीच्या दोन टोप्या विणल्या होत्या. एक नवऱ्याला, एक भावाला.

"ही माझी टोपी," मालक म्हणाले.

"भाऊजी, ही माझी. ताईने दोन विणल्या होत्या."

"दोन विणल्या होत्या आणि एकच दिसतेय. ती तुझ्या डोक्यावर आहे. यात न कळण्यासारखं काय आहे?"

भाऊ आधी हसला. मालक हसले नाहीत, तेव्हा त्याचंही हसू गेलं. "लोकांना टोप्या घालायची सवय मला नाही, भाऊजी."

"म्हणजे मला आहे?"

"मी तसं म्हणालो का?"

"मग कसं म्हणालास? ही बाग, हे घर मी टोपी घालून मिळवलं, असंच ना?"

कुठली टोपी, कुठे गेली! भावाने डोक्यावरची टोपी काढली, पायरीच्या कठड्यावर ठेवली आणि त्या गारठ्यात उघड्या डोक्याने फाटकाबाहेर पडला. मालकीणबाई हातात डाव घेऊन धावत आल्या. "अरे, जेवून तरी जा!" तो वळला नाही.

मी ओरडलो असतो. पण तोंडात पुरावा होता.

त्यानंतर हिवाळाभर तो आला नाही. रविवारी मालकीणबाई तीन ताटं काढायच्या, मग एक परत ठेवायच्या. पुढे पुढे दोनच काढू लागल्या. माझ्या सीटखाली उंदीर राहायला आला, त्याच्याकडे मात्र पाहुण्यांची रीघ होती.

मालक ती टोपी घालून फिरत. ती त्यांच्या कानांवरून घसरून भुवयांवर यायची. एकदा तर समोर न दिसून ते माझ्या पुढच्या चाकावर आदळले आणि वर मलाच म्हणाले, "मध्येच कुठे उभा!"

"अहो, ती तुमची नाही," मालकीणबाई म्हणायच्या. "तुमच्या डोक्याचे टाके मला पाठ आहेत."

"धुतल्यावर सैल झाली."

"अजून धुतलीच नाही."

"मग न धुतल्यामुळे सैल झाली!"

हिवाळा संपत आला तसा मालकांनी माझ्याबद्दलही निकाल देऊन ठेवला. "पहिल्या किल्लीत चालू झाला तर ठीक. नाहीतर भंगारवाला. दरवर्षी कोणाच्या पाया पडायचं याला चालू करायला?"

कोणाच्या ते त्यांनी सांगितलं नाही. मालकीणबाईंना कळलं. "तो माझ्या वडिलांचा आहे," त्या म्हणाल्या.

"म्हणून तर इतकी वर्षं ठेवला."

बर्फ वितळलं. ताडपत्री निघाली, बॅटरी बसली, ठोकळा निघाला. मालकांनी किल्ली फिरवली. मी जीव एकवटला. इंजिन फिरलं, एकदा धडधडलंही, पण आतला धूर बाहेर पडेना. घुसमटून बंद पडलो. दुसरी किल्ली, तिसरी किल्ली. तीच गत. मालक खाली उतरले. चेहऱ्यावर दुःख होतं, पण आपलं म्हणणं खरं ठरल्याचं समाधान त्याहून जास्त होतं. आत जाऊन त्यांनी भंगारवाल्याला फोन केला. तो म्हणाला, उद्या अकराला येतो.

ते फोनवर असताना मालकीणबाई माझ्या मडगार्डला टेकून उभ्या होत्या. संध्याकाळी, मालक चष्मा शोधत असताना, त्यांनी पायरीवरून भावाला फोन लावला. "माझ्याकडे यायचं नसेल तर येऊ नकोस. ट्रॅक्टरकडे ये. उद्या अकराच्या आत."

तो दहाला आला. उघड्या डोक्याने, हत्यारांची पिशवी घेऊन. मालक टोपी भुवयांवर घेऊन पायरीवर उभे. दोघे एकमेकांशी बोलत नव्हते. मध्ये मालकीणबाई.

"ताई, त्यांना विचार, टाकी भरली होती का?"

"त्याला सांग, काठोकाठ."

"मी भरली होती," मालकीणबाई म्हणाल्या. "आणि तुम्ही दोघं बहिरे नाही आहात."

"ताई, त्यांना म्हणावं, हवेचा फिल्टर साफ केला का?"

"त्याला म्हणावं, नकाशात फिल्टर नव्हता!"

भाऊ गालातल्या गालात हसला, पण लगेच सावरला. मग त्याने बहिणीला किल्ली फिरवायला सांगितली आणि स्वतः बोनेटवर चढून सायलेन्सरवर तळहात ठेवला. वडील असायचे नेमक्या त्याच जागी. त्या फिरवत राहिल्या, तो हात धरून राहिला.

"ताई, थांब. याचा श्वासच हाताला लागत नाहीये."

तेवढ्यात फाटकात भंगारवाल्याची गाडी लागली. तो उतरला, माझ्याभोवती एक चक्कर मारून उभा राहिला. त्याच्या नजरेत मी आधीच तुकडे होऊन पडलो होतो.

"आत उंदराचं घर असेल," मालक मध्यस्थाशिवाय बोलून गेले.

भावाने पिशवीतून तार काढली, टोकाला आकडा वाकवला आणि माझ्या घशात घातली. आकडा अडकला. त्याने ओढलं. मी तुम्हाला काय सांगू! पाच महिन्यांचा बोळा सरकत सरकत वर आला. काळा, कुबट, आक्रसलेला. भावाने तो झटकला. काजळी उडाली आणि एका कडेला मोहरीचा रंग दिसला.

भंगारवाला मान पुढे काढून म्हणाला, "टोप्या आम्ही घेत नाही."

मालकांचा हात सावकाश डोक्याकडे गेला, तिथल्या टोपीला लागला आणि तिथेच थांबला. "पाऊस होता," ते म्हणाले. "दोन मिनिटांसाठी ठेवली होती."

"पाच महिने झाले," मालकीणबाई म्हणाल्या. आवाज चढला नाही. त्यामुळेच मालकांची मान खाली गेली.

मग ते पायऱ्या उतरले. डोक्यावरची टोपी काढली, तिची घडी सारखी केली आणि दोन्ही हातांनी भावासमोर धरली. "घे. मला मोठीच होती जरा." नकाशांच्या कचेरीत माफी कशी मागतात मला माहीत नाही. पण त्या माणसाकडून एवढं म्हणजे पुष्कळ होतं.

भावाने ती घातली. सरळ नाकावर आली. "भाऊजी, ओढून ओढून तुम्ही हिची पोतडी केलीत. आता ही मलाही डोळ्यांवर येते."

"धुतल्यावर बसेल," मालक म्हणाले.

आधी मालकीणबाई हसल्या. मग तिघेही.

"चालू करून बघ," मालक भावाला म्हणाले.

"तुम्हीच करा. ताई म्हणाली, तुमचीच अट होती, पहिली किल्ली."

मालक चढले. त्यांनी किल्ली फिरवली आणि मी पाच महिन्यांचं सगळं एका दमात बोललो. काजळीचा लोट वर गेला, वाऱ्याने वळला आणि पायरीवर उतरला. भंगारवाला काळा होऊन गाडीत बसला. त्याची माफी मागायची राहिली. त्या दिवशी रविवार नव्हता, तरी खिडकीतून मला तीन ताटं दिसली.

हे झालं गेल्या वर्षीचं. आता पुन्हा गारठा पडलाय. मला वाटलं होतं, या वेळी तरी शेडचं दार उघडेल. उघडलं, पण आत आणखी एक कपाट गेलं. भाऊ म्हणाला, "भाऊजी, सोफा काढा आणि याला घ्या." मालक म्हणाले, "फक्त या हिवाळ्यापुरतं." बारावं वर्ष.

फळ्या सरकवून झाल्या. बॅटरी गेली. डाव्या दिव्यासमोरचं भोक जागच्या जागी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. मेलेलं रोप मालकीणबाईंनी परवा उपटून टाकलं आणि डबा घासून पायरीवर ठेवला. तो घेऊन मालक आता बोनेटवर चढताहेत. गुडघे कुरकुरताहेत, त्यांचे आणि माझेही.

तेव्हा शेवटचं सांगतो आणि गप्प बसतो. बाहेर ठेवायचं तर ठेवा. उन्हातान्हात काम केलेल्याला थंडीचं एवढं काही नसतं. पण माझ्या तोंडावर काय ठेवलंत ते लक्षात ठेवा, आणि विसरलात तर दुसऱ्याच्या डोक्याकडे बघू नका. वसंत आला की मी बोलतोच. पहिला धूर कोणाच्या अंगावर जाईल, ते वाऱ्याच्या हाती.

डबा वर आला. बसला. मालक क्षणभर थांबले. मग त्यांनी हळूच स्वतःच्या डोक्याला हात लावून पाहिलं. टोपी आहे.