पुराव्यानिशी उत्तर

नऊ वर्षांत ग्लेनिस पास्कोने खोऱ्याच्या फलकावरून एक ओळसुद्धा खोडली नव्हती. याचा तिला जेवढा अभिमान होता, तेवढा चाळीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवल्याचाही नव्हता. पूर्वी हा फलक म्हणजे दुकानाबाहेरची लाकडी फळी होती. हरवलेली मेंढी, विकाऊ फ्रीज, रविवारची प्रार्थना, सगळं टाचणीने टोचलेलं. पुरात फळी वाहून गेली तेव्हा ग्लेनिसने ती इंटरनेटवर आणली आणि माथ्यावर नियम लिहिला: इथे काहीही काढलं जात नाही, पटलं नाही तर उत्तर द्या. खोऱ्यात माणसं तीनशेच्या आतबाहेर, पण मतं म्हणाल तर एखाद्या शहराला पुरून उरतील.

गेलं वर्षभर ही सगळी मतं विषाच्या गोळ्यांभोवती फिरत होती. दर तीन वर्षांनी हेलिकॉप्टर येतं, रानात हिरव्या गोळ्या टाकतं, उंदीर, स्टोट आणि पॉसम असे अंडी-पिल्लं खाणारे प्राणी मरतात आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी वाचतात, हे वनखात्याचं म्हणणं. हरणं मरतात, कुत्री मरतात, ओढ्याचं पाणी नासतं, हे उरलेल्यांचं. ग्लेनिस खात्याच्या बाजूची. रोज सकाळी चहाचा मग घेऊन ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची आणि एकेकाला उत्तर द्यायची: पाण्याचे नमुने किती घेतले, त्यांत काय सापडलं, कुठल्या वर्षी, कुठल्या पानावर. पालथ्या घड्यावर पाणी आहे हे तिलाही कळत होतं. पण खरं सांगायचं तर तिला त्यात मजा यायची. समोरचा निरुत्तर झाला की टोस्ट जास्त खमंग लागायचा.

विरोधकांचा म्होरक्या नोएल स्कली. हा हरणांचा शिकारी. मेलेला पॉसम खाऊन त्याची कुत्री त्याच्या मांडीवर तडफडून गेली होती. तो स्वतःच्या नावाने लिहायचा, शिव्या घालायचा आणि ऱ्हस्व-दीर्घाचा खून पाडायचा. ग्लेनिस आधी त्याच्या चुका दुरुस्त करायची, मग उत्तर द्यायची. तो तिचाच विद्यार्थी, त्यामुळे तिची सवय काही जात नव्हती.

मार्चमध्ये फलकावर एक नवं नाव आलं, 'डोंगरातला'. खरं नाव सांगितलंच पाहिजे असा नियम ग्लेनिसने केला नव्हता. भित्र्या माणसालाही बोलता आलं पाहिजे, असं तिचं मत. हा माणूस शिव्या देत नसे. नीटनेटकं, नम्र आणि थंड लिहायचा. त्याची पहिलीच पोस्ट अशी होती: "पांढरी पिकअप, दारावर खात्याचं चिन्ह. चालवणारी एक तरुणी. ही गाडी दिवसभर कुठे उभी असते? फक्त विचारतोय." खाली गाडीचा फोटो होता, नंबरासकट. गाडी ग्लेनिसच्या मुलीची होती.

ब्रायडी खात्यासाठी वरच्या ओढ्यांवर निळ्या बदकांची मोजणी करायची. रविवारी ती जेवायला आली. भाजलेलं मटण आणि रताळी पानात तशीच ठेवून तिने फोन आईसमोर धरला.

"आई, हे काढ."

"उत्तर दिलंय मी त्याला. रस्त्यावरच्या गाडीबद्दल विचारणं गुन्हा नाही, पण माणसाच्या मागे लागणं गुन्हा आहे, असं ठणकावून लिहिलंय."

"उत्तर दिलंस म्हणून तर ती पोस्ट पुन्हा वर आली! तू उत्तर दिलंस की ती वर येते, सगळे पुन्हा वाचतात. चार दिवस झाले, पहिल्या नंबरावर माझी गाडी आहे."

"काढलं तर म्हणतील, पोरीचं आलं तेव्हा बाईंचा नियम पातळ झाला."

"म्हणू देत ना!"

"ब्रायडी, मी स्कलीच्या शिव्या ठेवल्या. मला चेटकीण म्हणाले तेही ठेवलं. उद्या माझं खरं कुणी का मानावं?"

ब्रायडी हसली, पण ते हसणं डोळ्यांपर्यंत पोचलं नाही. "रस्त्यात कुणी बोट उचलत नाही आता," ती म्हणाली. खोऱ्यात समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, ओळख असो नसो. तिच्यासाठी चार दिवसांत एकही बोट उचललं गेलं नव्हतं. मग तिने नेहमीसारखा कागद फ्रीजवर चिकटवला. रानात एकटं जाणारा माणूस असा कागद कुणातरी भरवशाच्या माणसाकडे ठेवून जातो: गाडी कुठे लावली, मुक्काम कुठे, परत कधी, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर पोलिसांना कळवायचं. आईपेक्षा भरवशाचं कोण असणार? या वेळी सोमवारी वर जाऊन ती गुरुवारी परतणार होती. मधले दिवस रानातली झोपडी, तिथे फोनला रेंज नाही.

सोमवारी दुकानात ग्लेनिसची स्कलीशी गाठ पडली. ती टाळून पुढे सरकली तर तोच आडवा आला.

"बाई, त्या डोंगरातल्याला उत्तर देऊ नका."

"का रे? तुमच्या बाजूचं एक तरी शुद्ध लिहितंय. हेवा वाटतो?"

"तो आमच्या बाजूचा नाहीये. मी सगळ्यांना विचारलं. कुणालाच माहीत नाही तो कोण ते." त्याने टोपी काढून हातात घेतली होती. "मी चिडतो तेव्हा ओरडतो, बाई. तुम्हाला माहितीये. हा चिडतच नाही."

"म्हणजे माझे मुद्दे त्याला लागू पडतायत," ग्लेनिस म्हणाली आणि दूध घेऊन बाहेर पडली. घरी पोचेपर्यंत तिला उगीचच गार वाटत राहिलं. तिने ते वाऱ्यावर ढकललं.

मंगळवारी सकाळी नवी पोस्ट आली होती. "आज पहाटे हीच पिकअप गावाच्या पाण्याच्या टाकीवरच्या बंधाऱ्यापाशी दिसली. तरुणी हिरव्या बादल्या धूत होती. हेच पाणी आपली मुलं पितात. कुणी खुलासा करेल का?" खाली तासाभरात चाळीस जण तुटून पडले होते. एकीने लिहिलं होतं, धाकट्याचं पोट कालपासून बिघडलंय. दुसऱ्याने लिहिलं होतं, अशांना बादलीतच बुडवलं पाहिजे.

मुलीवर आळ, आणि तोही धडधडीत खोटा! ब्रायडी रानात, तिला विचारण्याची सोय नाही, आणि ग्लेनिसला तर थांबणं ठाऊकच नव्हतं. ती उठली. फ्रीजवरचा कागद काढून टेबलावर सपाट केला, त्याचा स्वच्छ फोटो काढला आणि लिहायला बसली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात. इथे बैल नव्हता, पण शहाणपण ओसंडून वाहत होतं.

"हे संपूर्ण खोटं आहे," तिने लिहिलं. "ही गाडी काल सकाळी साडेसातपासून खिंडीजवळच्या वाहनतळावर उभी आहे आणि गुरुवारी दुपारी चारपर्यंत तिथेच राहील. ती चालवणारी तिथून पाच तासांच्या चालीवरच्या झोपडीत आहे. तिच्या हस्ताक्षरातला कागद सोबत जोडला आहे. ज्याला शंका असेल त्याने जाऊन गाडी पाहावी."

दुपारपर्यंत फलक शांत झाला. दोघांनी माफी मागितली. पोट बिघडलेल्या मुलाच्या आईने आपली ओळ स्वतःहून काढली. संध्याकाळी डोंगरातल्याचं उत्तर आलं: "शंका फिटली. आभार." ग्लेनिसने ते दोनदा वाचलं. वर्षभरात पहिल्यांदाच कुणीतरी हार मान्य केली होती. त्या आनंदात तिने स्वतःसाठी बारक्या मासळीची अंड्यातली धिरडी केली आणि चवीने खाल्ली.

गुरुवारी चार वाजले. साडेचार झाले. खाली यायला तास लागतो, अंगावर चिखल असणार, वाटेत कुणाशी बोलत थांबली असणार. सहा वाजता ग्लेनिसने वेळ घालवायला फलक उघडला. तिचं उत्तर अजून सगळ्यांत वर होतं. ते वाचणाऱ्यांचा आकडा खाली दिसायचा: दोनशे सत्याऐंशी. तिने आपलेच शब्द वाचले, आणि या खेपेला पहिल्यांदा ते दुसऱ्या कुणाच्यातरी नजरेने वाचले. तीन दिवस एकटी उभी असलेली गाडी. परतण्याची नेमकी वेळ. जाऊन पाहावी. त्या माणसाला बंधाऱ्याशी काही देणंघेणं नव्हतं. पहिल्या दिवशी त्याने जे विचारलं होतं, त्याचंच उत्तर त्याला हवं होतं, आणि ते तिने पुराव्यानिशी दिलं होतं.

ती पोलिसांना फोन लावणार, तोच खालच्या शहरातल्या दवाखान्यातून फोन आला. ब्रायडी जिवंत होती. घाटातल्या तिसऱ्या वळणावर पिकअपचं पुढचं चाक निखळलं होतं. गाडी दरीच्या बाजूला न जाता डोंगराच्या बाजूला आदळली, एवढंच नशीब.

दवाखान्याच्या बोळात ग्लेनिस एकटी उभी राहिली. आत ब्रायडीजवळ कॉन्स्टेबल तामाहोरी बसली होती. ती शहरातली, तिचा खोऱ्याच्या फलकाशी संबंध नव्हता. ब्रायडीने तर चार दिवस फोन पाहिला नव्हता. ग्लेनिसने फोन काढला. नऊ वर्षं जे बटण तिने कधी दाबलं नव्हतं ते शोधायला वेळ लागला. फलक विचारत होता, नक्की काढायचं? तिने 'हो' दाबलं. उत्तर गेलं, कागद गेला. मग ती दार ढकलून आत गेली.

ब्रायडीचा हात गळ्यात बांधला होता. एक गाल काळानिळा पडला होता. आई दिसताच तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

"चाकाचे पाचपैकी चार नट काढले होते," कॉन्स्टेबल सांगत होती. "वरची टोपी पुन्हा नीट बसवली, म्हणजे दिसू नये. आणि ते चारही नट वाहनतळाच्या खांबावर ओळीने मांडून ठेवलेत. घाई केलेली नाही. गाडी तिथे किती वेळ असणार हे त्याला पक्कं माहीत होतं. कुणाकुणाला सांगितलं होतंत तुम्ही?"

"कुणालाच नाही," ब्रायडी म्हणाली. "कागद फक्त आईकडे असतो. आणि आईच्या तोंडून..." तिने चांगला हात आईकडे पुढे केला.

ग्लेनिसच्या हातातला फोन थरथरला. फलकावर डोंगरातल्याने लिहिलं होतं: "बाईंचं उत्तर दिसेनासं झालंय. माझ्याकडे प्रत आहे. सगळ्यांच्या सोयीसाठी पुन्हा टाकतो." खाली कागद होता, ब्रायडीच्या गोल गोल अक्षरातला.

ग्लेनिसने मुलीचा हात धरला नाही. तेवढी हिंमत तिला झाली नाही. तिने तिच्या तळव्यावर फोन ठेवला.

"मी सांगितलं," ती म्हणाली. "मीच. सगळ्यांना. आणि आत्ता बाहेर उभं राहून पुसून टाकलं, तू वाचायच्या आत."

ब्रायडीने वाचलं. बराच वेळ वाचत राहिली, ओळी तर पाचच होत्या.

"किती जणांनी पाहिलं होतं?"

"दोनशे सत्याऐंशी."

"म्हणजे सगळ्या खोऱ्याने," ब्रायडी म्हणाली. आवाज अगदी साधा होता, आणि तोच ग्लेनिसला सोसवेना. "आणि एकालाही वाटलं नाही, आई, की बाईंना फोन करावा आणि सांगावं, हे काढा, पोरगी एकटी आहे?"

"एकाला वाटलं," ग्लेनिस म्हणाली. "नोएल स्कलीला. मंगळवारी तीनदा त्याचा फोन आला होता. मला वाटलं भांडायला केला असेल. मी उचलला नाही."