तीन दिवसांचा उपास

शिवरंजनीच्या ‘सरकीची पोरं’ या एकपात्रीचा हा एकेचाळिसावा प्रयोग आणि सेलूतला पहिलाच. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षांतलं, इथल्याच कापसाच्या जिनिंगच्या गल्लीतलं बालपण ती दीड तासात उभं करायची. साठीला टेकलेली बाई, पण पदर खोचला की आई आणि पदर सोडला की सात वर्षांची पोर. लोक हसून बेजार व्हायचे. आज तिला स्वतःला मात्र काहीच वाटत नव्हतं. थोरला भाऊ वीरुपाक्ष पाच महिन्यांपूर्वी गेला, तेव्हापासून हे असंच चाललं होतं. लिंगायत रीतीप्रमाणे त्याला बसवून माती दिली तेव्हाही तिच्या डोळ्याला पाणी आलं नाही. नातेवाइकांनी ते बरोबर पाहिलं; असल्या बाबतीत त्यांची नजर पक्की.

पहिल्या रांगेत तिची आई बसम्मा बसली होती. वय चौऱ्याऐंशी, कान शाबूत. तिने हा प्रयोग कधी पाहिला नव्हता.

सगळ्यात जास्त हशा घेणारा प्रसंग आला. दहा वर्षांचा वीरुपाक्ष कापसाच्या ढिगावर झोपतो आणि गळ्यातलं इष्टलिंग चांदीच्या डबीसकट हरवून बसतो. लिंगपूजेशिवाय घास घ्यायचा नाही, हा घरचा नियम. नवं लिंग द्यायला स्वामी आले तिसऱ्या दिवशी. तोवर पोरगं उपाशी आणि वर बापाचा मार. भुकेल्या भावाची नक्कल शिवरंजनी झकास करायची. चाळीस प्रयोग तिने हेच सांगितलं आणि चाळीसही वेळा ते खोटं होतं. भाऊ होता तोवर फोनवर हसायचा, चालू दे तुझं, म्हणायचा. आता त्या खोट्यातला भागीदारच उरला नव्हता.

तिने पदर सोडला आणि संहितेत नसलेलं बोलली.

“त्यानं हरवलं न्हाई. तो झोपला व्हता, आन् मी काढलं. त्याची डबी माझ्या डबीपेक्षा जड हाय का, ते बघायचं व्हतं मला. हातातून सुटली, ढिगात गेली.”

लोक आणखीच हसले. बसम्मा हसली नाही. उरलेला प्रयोग शिवरंजनीने सवयीने उरकला, टाळ्या घेतल्या, हार घेतला.

मागच्या खोलीत संयोजकांनी पिठलं-भाकरी मांडली होती. बसम्मा काठी टेकत आली आणि लेकीच्या शेजारी बसली. काय बोलायचं ते बोलून घे, असं शिवरंजनीने तिला सरळच सांगितलं.

“मला त्याच सांजी ठाव झालं व्हतं,” बसम्मा म्हणाली. “त्यानंच सांगितलं. जागाच व्हता तो. म्हणला, माय, रंजीला काई बोलू नको. आपल्याला ठाव हाय हे तिला कळलं, तर ती जेवायची न्हाई.”

“मग मी जेवले?”

“पोटभर. तीनी दिवस. तो म्होरं बसून बघायचा, तू जेवायलीस का न्हाई ते.”

शिवरंजनीने आठवून पाहिलं. भावाची भूक तिला पाठ होती, पण स्वतःचं ताट काही केल्या आठवेना. एकेचाळीस प्रयोगांत ते कधी आलंच नव्हतं.

“जेव,” आई म्हणाली आणि तिच्या तोंडाकडे बघत बसली.

शिवरंजनीने भाकरी मोडली, घास तोंडात घातला. तो घशाखाली उतरेना.